फाळक्यावरचा पोपट

आमच्या मधल्या खोलीत भिंतीला एक फळी ठोकलेली आहे. सागाची आहे. तिच्या एका टोकाला बोल्ट आहे, गंजून काळा पडलेला, आणि फळीच्या वरच्या कडेपासून खाली हिरव्या रंगाचे पट्टे उतरलेले आहेत. रंग उडाला आहे, पण हिरवा आहे एवढं कळतं. पावसाळ्यात खोली दमट झाली की त्या फळीला अजून वास येतो. आधी सागाचा येतो, मग ऑइलचा, आणि नाक अगदी जवळ नेलं तर नासक्या टोमॅटोचा.

त्या बोल्टला माझी नात ईश्वरी शाळेचा तक्ता अडकवते. तक्त्यावर एक माणूस उभा आहे. त्याच्या अंगावर कातडी नाही. काळीज, फुफ्फुस, आतडी, सगळं उघडं, आणि एकेका अवयवाला बाण लावून इंग्रजीत नावं लिहिलेली. ईश्वरी संध्याकाळी त्याच्यासमोर उभी राहून मोठ्यानं पाठ करते. परवा मी लसूण सोलत बसले होते, तर म्हणाली, "आज्जी, बॉडी म्हणजे काय सांग बरं."

"कुठली?" मी विचारलं.

"कुठली म्हणजे? एकच असती."

"तुझ्या पुस्तकात एक असंल."

"तुला इंग्लिश येतं?"

"हा एक शब्द येतो," मी म्हणाले, "पण सगळा येतो."

तिला ते खरं वाटलं नाही. मी चौथी शिकलेली आहे आणि आमच्या शाळेत इंग्रजी नव्हतं. मला इंग्रजी शब्द पुस्तकातून आले नाहीत. ते बाजारातून आले, हायवेवरून आले, दवाखान्यातून आले. हा एक सगळीकडूनच आला.

पहिल्यांदा आला तो ओतूरच्या बाजारात. लग्नानंतरची पहिली दिवाळी होती. सासूबाई मला घेऊन कापडाच्या दुकानात गेल्या होत्या. दुकान मारवाड्याचं होतं, पण शेठाणी आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलायची. त्या दुकानाचा वास मला अजून आठवतो. कोऱ्या कापडाची खळ, डांबराच्या गोळ्या आणि कोपऱ्यातल्या देवापुढची अगरबत्ती. शेठ उठून बाहेर गेला तशी शेठाणीनं गादीखालून एक पुठ्ठ्याचं खोकं काढलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मावशी, पोरीला आता बॉडी घ्या. चोळीचे दिवस गेले."

सासूबाई खोक्यात बघायलाही तयार नव्हत्या. "आमच्या सात पिढ्या बॉडीबिगर निजल्या न् उठल्या," त्या म्हणाल्या.

"मग ही आठवी धरा," शेठाणी म्हणाली.

सासूबाईंना हसू आलं आणि मला बॉडी मिळाली. पांढरी, जाड मांजरपाटाची, पाठीवर हुक. पुढे कितीतरी वर्षं ती अंगणात वाळत घालताना वर लुगडं पसरायचं आणि खाली ती, असं चालायचं. बाहेरच्या माणसाला दोरीवर फक्त लुगडी दिसायची. तिनं ऊन असं कधी पाहिलंच नाही, म्हणून ती आधी पिवळी पडली आणि मग फाटली.

पण घरात तोच शब्द रोज मोठ्यानं बोलला जायचा, कारण आमचे मालक बॉडी बांधणारे होते. सुतार, पण दाराखिडक्यांचे नव्हे. ट्रकची आणि टेम्पोची मागची लाकडी बॉडी बांधायचे. आळेफाट्याच्या अलीकडं हायवेला त्यांची पत्र्याची शेड होती. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुता धुता सांगायचे, "आज बॉडी पुरी झाली." आणि सासूबाई चुलीपुढून ओरडायच्या, "अरं, घरात बायका हायत, जरा जपून बोल!" मालकांना बिचाऱ्यांना कळायचं नाही की आपण काय चुकीचं बोललो. मला हसू आवरायचं नाही. त्या घरात मी हसले ते बहुतेक तेवढंच.

दुपारची भाकरी घेऊन मी शेडवर जायचे. चासी कारखान्यातून यायची ती नागडीच. चार चाकं, इंजिन आणि लोखंडाचा सांगाडा. तिच्यावर ड्रायव्हर एका लाकडी खोक्यावर बसलेला असायचा, तोंडाला फडकं, डोळ्याला गॉगल, अंगभर धूळ. खाली उतरला की पहिल्यांदा पाणी मागायचा. मग काम सुरू. तळाला बाभूळ, बाजूंना साग किंवा गाडीवाल्याच्या ऐपतीप्रमाणं दुसरं काही. बाभळीच्या भुश्याला आंबूस वास असतो आणि सागाच्या भुश्याला तेलकट. मी डोळे मिटून सांगायचे की आज कशावर करवत चालली आहे. तो भुसा गोणीत भरून आम्ही घरी आणायचो आणि शेगडीत ठासून जाळायचो. आमच्या भाकरीला, डाळीला, लहान पोरांच्या अंगाला, सगळ्याला त्या भुश्याच्या धुराचा वास होता. हिवाळ्यात लोखंडी पट्ट्या तापवून ठोकायचे, त्याचा आवाज पिंपळवंडीच्या वाटेवर निम्म्यात ऐकू यायचा. उन्हाळ्यात पत्रा तापून रंग लवकर वाळायचा. पावसाळ्यात लाकूड फुगायचं आणि मालक चिडचिड करायचे.

बॉडी पुरी झाली की एक रीत होती. मागचा फाळका, म्हणजे मागं उघडतो तो लाकडी दरवाजा, त्याचा शेवटचा बोल्ट मिस्त्रीनं आवळायचा नाही. तो गाडीवाल्याच्या घरच्या बाईनं आवळायचा, आई असेल तर आईनं, नाहीतर बायकोनं. आणि मिस्त्रीच्या बायकोनं फाळक्याची ओटी भरायची. तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड. लेक सासरी चालली, असं मालक म्हणायचे. मी किती फाळक्यांच्या ओट्या भरल्या ते मोजलं नाही. किती बायका तिथं पाना हातात धरून लाजल्या, तेही नाही. कुणी नुसता हात लावायची, कुणी अर्धा आटा फिरवायची, मग ती गेली की मालक हळूच जाऊन बोल्ट नीट बसवायचे. तेव्हा त्या गाड्या आमच्या भागातला कांदा, टोमॅटो घेऊन मुंबईला जायच्या. हायवेला उभं राहिलं की मी सांगायचे, ही आपली, ही आपली न्हाई.

माझा थोरला, दत्तू, त्या शेडमध्येच वाढला. पण त्याला रंधा धरायचा नव्हता, स्टेअरिंग धरायचं होतं. मिसरूड फुटल्यापासून तालमीत जायचा. घरी आला की कोनाड्यातल्या आरशासमोर उभा. आरसा एवढासा, त्यात एका वेळी एकच दंड दिसायचा.

"आई, बॉडी बघ."

"बघितली. पाणी भरून आण."

"नीट बघ ना. किती झाली बघ."

"बापासारखी बांध एखादी, मग बघते," मी म्हणायचे. तो हसायचा आणि दोन्ही हातांत हंडे घेऊन नदीकडं जायचा, दंड फुगवून, रस्त्यानं पोरी बघत असतील म्हणून. तालमीतून आला की त्याच्या अंगाला तांबड्या मातीचा आणि घामाचा वास असायचा. बनियन धुताना पाणी तांबडं व्हायचं. पुढं बरेच दिवस एक बनियन मी धुतलं नव्हतं. मग धुतलं. वास तसाही राहत नाही.

त्यानं टेम्पो घेतला तेव्हा त्याची बॉडी मालकांनी एकट्यानं बांधली. शेडवरच्या दुसऱ्या माणसाला करवत लावू दिली नाही. बाजू अख्ख्या सागाच्या. तळाची बाभूळ वर्षभर सावलीत सुकवलेली. फाळक्यावर पेंटरकडून पोपट काढून घेतला. बाकीचे लोक फाळक्यावर काय काय लिहून घेत. दत्तूला लिहायचं नव्हतं. "वाचत बसलं की मागचा माणूस धडकतो," म्हणाला. पोपट मात्र मोठा काढला होता. वरच्या फळीवर लाल चोच आणि डोळा, मधल्या फळ्यांवर अंग, आणि खालच्या फळीवर लांब शेपूट.

शेवटचा बोल्ट खालच्या फळीचा होता. मिस्त्रीची बायको मीच आणि गाडीवाल्याची आईपण मीच. शेजारच्या बायका म्हणाल्या, एकीनं दोन्ही करायचं नसतं, दुसऱ्या कुणाला तरी ओटी भरू द्या. मी म्हणाले, "का? माझे दोन्ही हात धड हायत." ओटी भरली, मग पाना घेतला. मी बाकीच्या बायकांसारखी नुसता हात लावणारी नव्हते. दोन्ही हातांनी, पाय रोवून, वजन टाकून आवळला. लाकूड करकरलं.

"आगं बास," मालक म्हणाले. "लाकडाला फुगायला जागा लागती."

मी अजून एक आटा दिला.

"झालं. हा आता निघत न्हाई," ते म्हणाले.

"निघायला कशाला पायजे?" मी म्हणाले.

मुंबईच्या वाटेवरच्या घाटात काय झालं ते मी लिहिणार नाही. मला ते पुष्कळ माणसांनी पुष्कळ प्रकारे सांगितलं आहे आणि त्यातला एकही तिथं नव्हता. सकाळी मी भाकरी थापत होते. हायवेवरचा चहावाला सायकल दारात टाकून आला आणि म्हणाला, "वहिनी, मिस्त्री कुठंत?" तव्यावरची भाकरी करपली, तो वास मला आठवतो.

घाटाखालच्या दवाखान्यात आम्ही दुपारी पोचलो. व्हरांड्यात फिनेलचा वास होता. तिथं तो शब्द परत आला. बॉडी कुणाच्या ताब्यात द्यायची. बॉडीबरोबर कोण आहे. बॉडी साडेतीनला मिळेल. तिथली माणसं वाईट नव्हती. एकानं मला बसायला खुर्ची दिली. त्यांना दिवसात किती नावं लक्षात ठेवायची? पण आमचीच माणसं, जी त्याला अंगाखांद्यावर खेळवत होती, तीसुद्धा फोनवर म्हणायला लागली, "बॉडी निघाली. बॉडी संध्याकाळपर्यंत येईल." सकाळपर्यंत तो दत्तू होता. मी माझ्या भावाला म्हणाले, "दत्तू येतोय असं सांग." तो म्हणाला, "तसं कसं सांगू, ताई? लोकांना वाटंल तो चालत येतोय."

खरं होतं.

टेम्पोची पुढची केबिन गेली होती. मागची बॉडी जशीच्या तशी होती. पुढं गाडी घरी आणली तेव्हा बघायला आलेल्या एका ड्रायव्हरनं तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "काय बांधलीय ओ मिस्त्री! कुठं टवका न्हाई उडाला." त्याच्या मनात वाईट नव्हतं. मालक उठून गोठ्यात गेले आणि अंधार पडेपर्यंत बाहेर आले नाहीत.

आमच्या भागात दहाव्याला माईक लागतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर खरं वाटत नाही. नदीच्या घाटावर मांडव, खुर्च्या, आधी प्रवचन आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. गावची बॉडी हजर, म्हणजे सरपंच आणि सगळे मेंबर. सोसायटीची बॉडी हजर. ज्यानं दत्तूला जन्मात पाहिलं नव्हतं असा एक पुढारी त्याला 'दत्ताजीराव' म्हणाला आणि तो समाजकारणात किती पुढं गेला असता ते सांगत राहिला. आम्ही बायका एका बाजूला उन्हात बसलो होतो. पलीकडं पिंड ठेवला होता, आणि सुबाभळीवर कावळे होते. खाली येत नव्हते.

भाषणं संपली, तरी कावळा शिवेना. मग नेहमीसारखं सुरू झालं. माझा भाऊ पुढं गेला. "दत्तू, आईबापाला अंतर देणार न्हाई." कावळे तिथंच. तालमीतला एक जण म्हणाला, "तुझ्या नावानं कुस्त्या भरवू." नाही. "धाकट्या भावाला शिकवू." नाही. लोक घड्याळं बघायला लागले. माईकवाला अधूनमधून 'हॅलो हॅलो' करत होता. कुणीतरी म्हणालं, मिस्त्री, तुमीच बोला.

मालक उठले. टोपी काढली. पुढं केलेला माईक हातानं बाजूला सारला आणि साध्या आवाजात बोलले. "दत्तू, तुझ्या गाडीची बॉडी मी कुणाला विकणार न्हाई. दुसऱ्या चाकावर चढवणार न्हाई."

आणि कावळा आला.

सगळ्यांनी हात जोडले. बायका रडल्या. मी रडले नाही, कारण माझं लक्ष माईकवाल्याकडं होतं. त्यानं माईक बंद करून वायर गुंडाळायला घेतली होती. एवढा वेळ कर्ण्याची खरखर चालू होती, ती थांबली, म्हणून पाखरू खाली आलं. हे मी मालकांना नंतर एकदा तोंडावर सांगितलं.

"माईक बंद झाला म्हणून आला तो."

"आला ना?" ते म्हणाले.



मग त्यांनी बोल्ट काढून ती बॉडी मोडक्या गाडीवरून उतरवली आणि आमच्या अंगणात, दारासमोर, दगडांवर ठेवली. फाळका घराकडं. सकाळी दार उघडलं की समोर पोपट. चूळ भरताना पोपट, रांगोळी काढताना पोपट, सणाला पोपट. पाहुणे आले की आधी तिच्याकडं बघायचे आणि मग आवाज उतरवून आत यायचे. मला लोकांनी आवाज उतरवलेला आवडत नाही. मालकांनी त्यानंतर नवी बॉडी बांधली नाही. तशीही लोखंडी बॉडी आली होती, लाकडाचं काम कोण विचारत होतं? शेडचा पत्रा विकला. हायवे रुंद झाला तेव्हा ती जागाही रस्त्यात गेली. आता तिथून जाताना आमची शेड कुठं होती ते मलाही दाखवता येणार नाही. रस्त्याला खूण नसते.

पण अंगणातल्या बॉडीला ते दरवर्षी तेल द्यायचे. पावसाळ्याआधी बोल्टांना ऑइल, लाकडाला जवसाचं तेल. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. कांद्याच्या गोण्या तिच्यात ठेवायचो. उन्हं तापली की तिच्यातून टोमॅटोचा वास यायचा. इतक्या वर्षांनी टोमॅटो कुठून? लाकूड पिऊन बसलं होतं.

मला ती नको होती. हे मी कधी लपवलं नाही. मेलेल्या माणसाला दारात बांधून ठेवायचं आणि जिवंतानं त्याच्या कडेनं चालायचं, हे मला पटत नव्हतं. धाकटा संतोष मोठा झाला, त्याचं लग्न झालं, सून वैशाली आली, तरी अंगणाचा मधला भाग दत्तूचाच. संतोष काही बोलायचा नाही. तोही त्या बॉडीच्या कडेकडेनंच वाढला.

मग बिबट्याचं सुरू झालं. आमच्या तालुक्यात उसात बिबट्या असतो, हे नवं नाही. पण तो त्या बॉडीखाली यायला लागला. दगडांवर ठेवल्यानं खाली पोकळी होती, सावली होती. एका सकाळी आमचा कुत्रा नव्हता, आणि बॉडीखाली साखळी होती. ईश्वरी तेव्हा रांगत होती. वैशाली तिला उंबऱ्याबाहेर सोडेना. मी मालकांना म्हणाले, "आता तरी काढा."

"जाळी लावतो खालून."

"जाळीनं काय व्हतंय? पोर रांगती. उद्या तिला न्हेली म्हंजे?"

"मी बसतो हितं," ते म्हणाले. आणि बसले. दिवसभर काठी घेऊन, खाट टाकून, बॉडीला टेकून. थकलेला म्हातारा. बिबट्या आला असता तर आधी त्यालाच घेऊन गेला असता.

त्याच सुमाराला गावात बाईची जागा निघाली आणि मला ग्रामपंचायतीत उभी केली. समोर कुणी उभं राहिलं नाही, मी आले निवडून. म्हणजे मीपण बॉडीत होते. महिन्याला मीटिंग, प्लॅस्टिकची खुर्ची, चहा, सही. एका मीटिंगला विषय निघाला, बिबट्या बसतो अशा अडचणीच्या जागा साफ करायच्या. झुडपं, पडकी घरं, आणि सरपंच खाली मान घालून म्हणाला, "मिस्त्रींच्या अंगणातली गाडीची बॉडी." सगळे माझ्याकडं बघायला लागले. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा, ग्रामसेवक म्हणाला. कुणी हात वर करेना. मी केला. मग बाकीच्यांनी केले.

घरी येऊन मी मालकांना सांगितलं.

"बॉडीनं ठराव केला म्हणून बॉडी हलत आसती व्हय?" ते म्हणाले.

"मी हात वर केला."

"केला आसशील. तू कावळ्याला सबूद दिला नव्हता."

त्यांच्याकडं बघून मला कळलं की हे लाकूड त्यांच्या हयातीत हलायचं नाही. मी ठराव ठरावाच्या जागी राहू दिला. त्यांनी खालून जाळी लावली, सगळ्या बाजूंनी दगड रचले आणि खाट तिथंच ठेवली. ईश्वरी मोठी झाली, तिला काही झालं नाही. नशीब म्हणा.

ते गेले आषाढात. घरीच गेले, सकाळी, चहा पिऊन. माणूस पिकून पडला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. संतोषचे मित्र ओसरीत फोनवर बोलत होते, "बॉडी घरीच हाय, दुपारी उचलायची." या वेळी मला त्या शब्दाचं काही वाटलं नाही. मालकांनी आयुष्यभर तोच शब्द तोंडात घोळवला होता.

पाऊस आठवडाभर लागून राहिला होता. स्मशानातली लाकडं ओली. शेजारच्या गावातून मागवली, तीही ओली. कुणी म्हणालं डिझेल टाकू, कुणी म्हणालं टायर टाकू. संतोष ओसरीच्या खांबाला धरून उभा होता. मी आतून उठून बाहेर आले आणि म्हणाले, "अंगणातली लाकडं काढा. दत्तूच्या गाडीची."



"काकू, मिस्त्रींनी सबूद दिलाय," एक जण म्हणाला.

"विकणार न्हाई म्हणाले व्हते. दुसऱ्या चाकावर चढवणार न्हाई म्हणाले व्हते. जाळणार न्हाई असं म्हणाले नव्हते. मी तिथंच बसले व्हते."

"रंग दिलेली लाकडं चितेला चालत न्हाईत," एक म्हातारा म्हणाला.

"ओली चालत्यात का?"

मग संतोषनं पाना आणला. इतकी वर्षं तेल दिलेले बोल्ट होते, लोण्यातून निघावेत तसे निघाले. बाजू निघाल्या, तळ निघाला. बाभूळ आतून कोरडी ठणठणीत. वरून पाऊस पडत होता, पोरं ताडपत्री धरून उभी होती आणि अंगणात पुन्हा एकदा शेडवरचे आवाज येत होते. फाळक्याच्याही वरच्या फळ्या सुटल्या. खालची सुटेना. पाना लावला, पाइप घालून जोर केला, दोन पोरं लोंबकळली. तो बोल्ट काही हलला नाही. त्याला तेल द्यायचं राहिलं होतं की दिलेलं लागलं नव्हतं, ठाऊक नाही. "राहू द्या ती," संतोष म्हणाला. "उशीर व्हतोय."

आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. मी गेले. वरच्या अंगाला, कडेला उभी राहिले. मला कुणी काही म्हणालं नाही. साग पहिल्या काडीत पेटला. आधी रंगाचा काळा धूर निघाला, मग जवसाच्या तेलाचा वास आला, मग शेडचा. तापवलेल्या पट्ट्यांचा, भुश्याच्या शेगडीचा, सासूबाईंच्या भाकरीचा. पोपटाचं डोकं असलेली फळी माझ्या बाजूला लावली होती. हिरव्या रंगाला फोड आले, लाल चोच बुडबुडली, आणि मग तिथं नुसतं लाकूड होतं. टोमॅटोचा वास आला नाही. मी वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर समोर सगळं मोकळं. थेट उसापर्यंत दिसत होतं. मला इतकी वर्षं तेच हवं होतं. मी तिथं उभी राहिले आणि कुठं बघायचं ते कळेना.

ती खालची फळी नंतर संतोषनं कटरनं लोखंडापासून तोडून काढली. बोल्ट तिच्यातच राहिला. सागाची फळी फेकवेना, म्हणून मधल्या खोलीत भिंतीला लावली.

मागच्या महिन्यात तो मला नारायणगावला घेऊन गेला, फुल बॉडी चेकअपला. आमच्या शेडवर फुल बॉडी म्हणजे वर छपरापर्यंत बांधलेली आणि हाफ बॉडी म्हणजे कमरेएवढी. तिथं रक्त घेतलं, मशीनमध्ये घातलं. डॉक्टरनं संतोषला आत बोलावलं आणि मला बाहेर बसवलं. तो बाहेर आला तेव्हा म्हणाला, "काही न्हाई, आई. वय झालंय." येताना गाडीत त्यानं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. दत्तूच्या वेळी माणसं असंच रस्त्याकडं बघत होती. मला शिकवायची गरज नाही.

परवा लसूण सोलून झाला तेव्हा संतोष आत आला. त्याला घरात नवं फर्निचर करायचं आहे, भिंतीएवढी कपाटं. टेप लावून मोजत होता. फळीपाशी आला आणि म्हणाला, "आई, ही काढावी लागंल."

"काढ. पण टाकू नको. मला लागंल."

"तुला कशाला लागती?"

मी आधी फळीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. त्याला कळायला थोडा वेळ लागला. त्यानं टेप गुंडाळली.

"एका फळीनं काय व्हणार हाय, आई?"

"बाकीची तू बघ. कोरडी बघ. ही वरती ठेव."

तो अंगणात गेला आणि बराच वेळ आला नाही. बाहेर जिथं बॉडी होती तिथं उभा असावा. तिथं आता त्याची चारचाकी असते.

ईश्वरीनं तक्ता बोल्टावरून काढला होता. ती फळीवरच्या हिरव्या पट्ट्यांवर बोट फिरवत होती.

"आज्जी, हे पान हाय का?"

"पोपट हाय."

"हे शेपूट आसंल मग. डोकं कुठाय?"

"पुढं गेलं," मी म्हणाले.

तिनं थोडं बघितलं, तक्ता परत बोल्टला अडकवला आणि काळजापासून पुढं पाठ करायला लागली.